वाचकांचे प्रश्न: पोटाचा एमआरआय, डायचं इंजेक्शन आणि डिफ्युजन

गेल्या महिन्यात पोटाच्या एमआरआयबद्दल लिहिताना 'डिफ्युजन शक्यतो डायच्या आधी उरकावं' असं एक वाक्य आम्ही लिहून गेलो. (डिफ्युजन म्हणजे पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारं एमआरआयचं चित्र; डाय म्हणजे चित्र उठावदार करायला शिरेतून दिलं जाणारं गॅडोलिनियमचं औषध.) विदर्भातल्या वाचकांची बहुतेक पत्रं त्याच एका वाक्यावर आली. ते वाक्य फारच ढोबळ होतं, हे पत्रं वाचून पटलं. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आमच्याकडे १.५ टेस्लाचं (चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन आहे. लिव्हरसाठी गॅडॉक्सेटेट (लिव्हरच्या पेशी शोषून घेतात ती डाय) दिलं की शेवटच्या फेजसाठी, म्हणजे ठरल्या वेळी घ्यायच्या चित्रासाठी, २० मिनिटं थांबावं लागतं आणि बाहेर रांग वाढत जाते. त्या मधल्या वेळात डिफ्युजन घेतलं तर एडीसी चुकतो का?
(एमआरआय टेक्निशियन, पुसद)

लिव्हरसाठी घेतलंत तर चालतं, किडनीसाठी चालत नाही. यामागचं कारण एकदा लक्षात आलं की नियम पाठ करावा लागत नाही.

डिफ्युजनमध्ये मशीन पाण्याच्या कणांची हालचाल टिपतं. बी-व्हॅल्यू, म्हणजे ही हालचाल पकडायची तीव्रता, वाढवली की मोकळं हलणारं पाणी काळं पडतं आणि पेशींच्या दाटीत अडकलेलं पाणी उजळ राहतं. एडीसी हा कमी आणि जास्त बीच्या दोन चित्रांच्या भागाकारातून निघणारा, पाणी किती मोकळं हलतं ते सांगणारा आकडा आहे. खालच्या बीच्या सिग्नलला वरच्या बीच्या सिग्नलने भागायचं, उत्तराचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि त्याला दोन्ही बींमधल्या फरकाने भागायचं.

समजा, लिव्हरवर वर्तुळ काढलं आणि बी ५० ला सिग्नल २०० आला, बी ८०० ला ८०. भागाकार २.५, त्याचा लॉग ०.९१६, भागिले ७५० म्हणजे ०.००१२२. रिपोर्टमध्ये आपण तो १.२२ असा लिहितो, एकक १०⁻³ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. आता डायमुळे टी-टू, म्हणजे सिग्नल विझायला लागणारा वेळ, आखडला आणि सिग्नल ४० टक्क्यांनी उतरला असं धरा. २०० चे १२० झाले, ८० चे ४८ झाले. भागाकार पुन्हा २.५ च. दोन्ही चित्रांचा टीई, म्हणजे सिग्नल वाचायची वेळ, एकच असल्यामुळे टी-टूचा परिणाम वर-खाली सारखा लागतो आणि कटून जातो. लिव्हरमध्ये प्रत्यक्षात सिग्नल एवढाही उतरत नाही. गॅडॉक्सेटेटचा डोस इतर गॅडोलिनियमच्या चौथा हिस्सा, म्हणजे किलोमागे ०.०२५ मिलिमोल असतो. साठ किलोच्या माणसाला सहा मिली. तेवढ्याने लिव्हरचा टी-वन, म्हणजे सिग्नल पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, चांगला आखडतो, टी-टूवर मात्र फारसा ताण पडत नाही. प्लीहा आणि स्वादुपिंडाच्या एडीसीतही नेहमीच्या डोसने मोठा फरक पडलेला दिसत नाही.

किडनीचं तसं नाही. डाय गाळली जाते, मग नळ्यांमधून पाणी परत शोषलं जातं आणि डाय मागे उरते. गुळाचा पाक आटत जावा तशी ती मेड्युला (किडनीचा आतला भाग) आणि पेल्व्हिसमध्ये (लघवी जमा होते तो भाग) दाट होत जाते. एवढं दाट गॅडोलिनियम टी-टू आणि टी-टू-स्टार (चुंबकक्षेत्रातल्या असमानतेमुळे आणखी लवकर विझणारा टी-टू) दोन्ही पाडतं. टी-टूच्या चित्रात पांढरी दिसणारी लघवी काळी दिसू लागते ती यामुळेच. समजावण्यासाठी पुन्हा आकडे घेऊ. डायआधी बी ५० ला ३०० आणि बी ८०० ला ६६; एडीसी २.०२. डायनंतर सिग्नल पाचव्या हिश्शावर आला: ६० आणि १३. पण मशीनचा स्वतःचा नॉइजच (चित्रातली खरखर) १५ च्या आसपास असेल, तर १३ चा सिग्नल १३ दिसत नाही, २० च्या घरात दिसतो, कारण नॉइजखाली चित्र उतरूच शकत नाही. साठ भागिले वीस म्हणजे तीन, आणि एडीसी १.४६. किडनीत काहीही बदल झालेला नाही आणि आकडा मात्र पाव हिश्शाहून जास्त घसरला. वाचणारा डॉक्टर याला किडनीचा आजार समजू शकतो.

दुसरं कारण रक्ताचं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. कमी बी-व्हॅल्यूला वाहत्या रक्ताचाही सिग्नल येतो आणि बी जरा वाढली की तो लगेच जातो. त्यामुळे एडीसी थोडा फुगलेला असतो. डाय मिसळलेल्या रक्ताचा सिग्नल आधीच पडलेला असतो, म्हणून तो फुगवटा जातो आणि आकडा आणखी खाली येतो. इंट्राव्हॉक्सेल इनकोहेरंट मोशनचा, म्हणजे रक्तप्रवाह वेगळा काढण्याचा अभ्यास करायचा असेल, तर कोणत्याही अवयवासाठी तो डायआधीच करावा.

तुमच्या मशीनवर क्रम असा ठेवा. आधी टी-टू, इन-फेज आणि आउट-फेज (पाणी आणि चरबीचे सिग्नल जुळलेले आणि उलटे असतानाची चित्रं), एमआरसीपी (पित्तनलिकांचं चित्र), डायआधीचा टी-वन. मग इंजेक्शन, सेकंदाला एक मिलीच्या गतीने, मागून २० मिली सलाइन. आर्टेरिअल (डाय रोहिणीतून येते तेव्हाची), पोर्टल (ती पोर्टल शिरेतून येते तेव्हाची) आणि तीन मिनिटांची फेज झाली की डिफ्युजन लावा: बी ५०, ४०० आणि ८००, स्लाइस पाच-सहा मिलिमीटर, श्वासाच्या ट्रिगरवर. चार-पाच मिनिटांत ते संपतं आणि विसाव्या मिनिटाची फेज आरामात मिळते. एमआरसीपी मागे ठेवू नका. गॅडॉक्सेटेटचा साधारण निम्मा हिस्सा पित्तातून उतरतो आणि पित्तनलिका टी-टूवर काळ्या पाडतो; विसाव्या मिनिटानंतरची एमआरसीपी बघण्यासारखी राहत नाही.

एक चूक मात्र हमखास होते. डायनंतरच्या डिफ्युजनमध्ये चरबी दाबायला स्टर वापरू नका. स्टर चरबीला ओळखत नाही, छोटा टी-वन ओळखतो. डाय शोषलेल्या गाठीचा टी-वन चरबीच्या जवळ येतो आणि चरबीबरोबर गाठही गायब होते. डायनंतर चरबीला तिच्या फ्रिक्वेन्सीवरून ओळखणारं स्पेअर किंवा साधं फॅट-सॅट घ्या. जुन्या प्रोटोकॉलमध्ये स्टरचं डिफ्युजन ठरवलेलं असेल, तर ते डायआधीच घ्यावं लागेल.

आणि मागणीपत्रात 'लिव्हर व किडनी' दोन्ही लिहिलं असेल तर रांगेचा विचार बाजूला ठेवून डिफ्युजन आधी घ्या.

प्रश्न: सिकल सेलचा (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) २४ वर्षांचा रुग्ण, अनेकदा रक्त चढवलेलं. कावीळ आणि पोटदुखीसाठी नागपूरला एमआरआय केला. डाय दिली नव्हती, तरी रिपोर्टमध्ये 'लिव्हरचा सिग्नल फार कमी, डिफ्युजनवर विसंबता येत नाही' असं आहे. असं का? पुढच्या वेळी डाय दिली तर चालेल का?
(वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली जिल्हा)

डाय दिली नव्हती, पण लिव्हरमध्ये लोह होतं, आणि लोह हेच शरीरातलं कॉन्ट्रास्ट आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते लिव्हर आणि प्लीहेत साठतं. डिफ्युजनचा टीई ६० ते ८० मिलिसेकंद असतो; लोहाने भरलेल्या लिव्हरचा सिग्नल तेवढ्या वेळात संपून गेलेला असतो. बी ५० आणि बी ८०० दोन्ही चित्रं नॉइजला टेकली की भागाकार एकाजवळ येतो आणि एडीसी खोटा कमी निघतो. वर किडनीत डायमुळे जे घडलं, तेच इथे लोहामुळे घडतं.

ओळखायची सोपी खूण आहे. १.५ टेस्लावर आउट-फेजचा टीई सुमारे २.३ आणि इन-फेजचा ४.६ मिलिसेकंद असतो. इन-फेजच्या चित्रात लिव्हर आउट-फेजपेक्षा काळं झालं, तर लोह आहे. चरबीचं उलट असतं, तिच्यामुळे आउट-फेज काळा पडतो. शेजारचा पाठीचा स्नायू लिव्हरपेक्षा उजळ दिसत असेल तर डिफ्युजनचा आकडा लिहूच नये. गाठ शोधायला मात्र हेच चित्र कधी उपयोगी पडतं, कारण काळ्या लिव्हरमध्ये लोह नसलेली गाठ उजळ उठून दिसते. सिकल सेलमध्ये लाल पेशी शिरांमध्येच फुटत असल्यामुळे किडनीच्या कॉर्टेक्समध्येही (बाहेरच्या थरात) लोह बसतं. डाय न देताही कॉर्टेक्स काळा दिसला तर चकित होऊ नका. मागणीपत्रावर 'सिकल सेल, आजवर अमुक पिशव्या' एवढं लिहिलंत तर टेक्निशियन लोह मोजायचा टी-टू-स्टार सिक्वेन्स आधीच लावून ठेवेल.

डायबद्दल: सिकल सेल आहे एवढ्याच कारणाने गॅडोलिनियम नाकारायची गरज नाही. किडनीचं काम तपासा. या रुग्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) फसवं असतं. अंगात मांस कमी आणि किडनी सुरुवातीच्या काळात गरजेपेक्षा जास्त गाळणारी, त्यामुळे आकडा दिसायला चांगला असतो.

आमच्या मते यापेक्षा मोठा धोका प्रवासाचा आहे. गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने निघालेला मुलगा 'उपाशी पोटी या' म्हटलं म्हणून पाण्याचा घोटही घेत नाही, मे महिन्यात दुपारी दोनला त्याचा नंबर लागतो आणि तहानेनेच क्रायसिस (सिकल सेलच्या तीव्र वेदनांचा झटका) सुरू होतो. त्याला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या: जेवण चार तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत पीत राहायचं, आणि तपासणी झाली की लगेच पुन्हा प्यायचं. केंद्राला फोन करून सकाळचा पहिला नंबर मागितला तर उत्तमच.

प्रश्न: माहे बाबा ६२ वर्साचे हायेत. आमचं गाव अकोल्याच्या खारपानपट्ट्यात. त्याइचं क्रिएटिनिन ३.१ हाये. सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली तर डॉक्टर म्हनते बिना डायचा एमआरआय करू. बिना डायचा म्हनजे अर्धीच तपासनी होते का? पैसे वाया तं नाई जानार?
(एक शेतकरी, अकोला जिल्हा)

भाऊ, पैसे वाया जाणार नाहीत. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. बाबांच्या वयाला ३.१ क्रिएटिनिन म्हणजे किडन्यांची गाळण्याची क्षमता मिनिटाला २२ मिलीच्या आसपास येते. ती ३० च्या खाली असली की डाय देताना फार जपून निर्णय घ्यावा लागतो. किडनी अगदी थकलेल्या काही रुग्णांमध्ये जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे कातडी आणि सांधे आखडून जाण्याचा गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. आताच्या सुरक्षित गटातल्या डायने हा धोका फारच कमी झाला आहे. तरीही डायशिवाय उत्तर मिळत असेल तर आधी तेच करावं.

आणि बऱ्याच वेळा ते मिळतं. पाण्याची गाठ टी-टूवर पांढरी असते आणि डिफ्युजनमध्ये बी वाढवताच विझते. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, पांढरीच दिसते, पण तिचा एडीसी मोठा असतो. पू झालेला फोड आणि पेशींनी गच्च भरलेली गाठ वरच्या बीलाही उजळ राहतात आणि त्यांचा एडीसी कमी येतो. या दोघांमधला फरक ताप, रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी यांच्या जोडीने ठरतो. डायशिवाय नीट कळत नाही ते एवढंच, की गाठ रक्त किती झपाट्याने घेते आणि सोडते. लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरच्या निदानात ते महत्त्वाचं असतं. तशी शंका राहिली तर तुमचे किडनीचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून सुरक्षित गटातली डाय द्यायची की नाही, ते ठरवतील.

तुमच्या हातातलं काम असं: बाबांना घरी खाटेवर निजवून सारखा, संथ श्वास घ्यायची सवय चार दिवस करवा. डिफ्युजनचं चित्र श्वासाच्या गडबडीने सगळ्यात आधी बिघडतं. आदल्या संध्याकाळपासून सोडा, कोल्ड्रिंक नको. पोटातल्या गॅसमुळे लिव्हरचा डावा भाग चित्रात वाकडा दिसतो. त्या दिवशी खर्रा नको. करदोडा, अंगठी, ताईत घरीच काढून ठेवा. करदोड्यात चांदीची तार असली तरी तोही काढायचा. बाबांचे जुने रिपोर्ट आणि क्रिएटिनिनचा ताजा कागद सोबत न्या.

प्रश्न: सकाळी डाय देऊन पोटाचा सीटी झाला, त्याच दिवशी किडनीचा एमआरआय सांगितला आहे. करू द्यावा का?
(जनरल प्रॅक्टिशनर, हिंगणघाट)

किडनीचं काम चांगलं असेल तर दोन डायच्या इंजेक्शनांमध्ये किमान चार तास ठेवावेत. गाळण्याची क्षमता ३० च्या खाली असेल तर सात दिवस. पोटासाठी सीटी आधी आणि एमआरआय नंतर, हा तुमचा क्रम बरोबर आहे. उलट केलं तर लघवीत उतरलेलं गॅडोलिनियम सीटीवर पांढरं दिसतं आणि खड्यासारखं भासतं. मात्र सीटीची आयोडीनची डायही किडनीत दाट होते आणि दाट झालेली आयोडीनची डायसुद्धा एमआरआयच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करते. घाई नसेल तर किडनीचं डिफ्युजन दुसऱ्या दिवशी घ्या. गॅडोलिनियम आधीच दिलं गेलं असेल तरी तेच. किडनी चांगली असताना त्याचं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास असतं आणि २४ तासांत ९० टक्क्यांहून जास्त बाहेर पडतं. 'दोन तासांनी पुन्हा घेऊ' याचा उपयोग नाही.

प्रश्न: चार महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजणारी माता आहे. अशक्तपणासाठी पंधरा दिवसांपूर्वी तिला लोहाचं सलाइन लागलं. आता पोटाचा एमआरआय डाय देऊन करायचा आहे. एक दिवस दूध पिळून टाकायला सांगितलं आहे. खरंच टाकायचं का?
(आशा कार्यकर्ती, मेळघाट)

नाही, ताई. दिलेल्या डायपैकी ०.०४ टक्क्यांहूनही कमी दुधात उतरते आणि त्यातली एक टक्क्याहून कमी बाळाच्या पोटातून रक्तात जाते. पाजणं थांबवायची गरज नाही. मातेच्या मनातली भीती जातच नसेल तर तपासणीआधी पोटभर पाजून घ्यायला सांगा. मात्र दिवस गेलेले असतील तर डाय टाळतात, तेवढं विचारून घ्या.

लोहाच्या सलाइनची तारीख मात्र मागणीपत्रावर नक्की लिहायला लावा. शिरेतून दिलेलं लोह आधी लिव्हर, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या पेशी उचलतात, आणि वर सिकल सेलच्या उत्तरात सांगितलं तसं त्यांचा सिग्नल काळा पडू शकतो. तारीख माहीत नसेल तर वाचणारा डॉक्टर लोह साठण्याचा आजार शोधत बसेल. लोहाच्या गोळ्यांनी असं होत नाही; त्या बंद करायला सांगू नका. जोडवी आणि मंगळसूत्र काढायला घरच्यांचा विरोध होत असेल तर आदल्या दिवशीच सासूबाईंशी बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मशीनच्या दारात वाद होत नाही.

प्रश्न: आईच्या लिव्हरवरच्या गाठीचा एडीसी जानेवारीत १.१०, केमोनंतर जूनमध्ये १.२५. केंद्रं वेगळी. गाठ मरते आहे असं समजायचं का?
(एक वाचक, भंडारा)

एवढ्यावरून नाही. केमोने पेशी मेल्या की पाण्याला जागा मिळते आणि एडीसी वाढतो, हे खरं आहे. पण तुमचा फरक १४ टक्क्यांच्या आसपास आहे. लिव्हरमध्ये एकाच माणसाचा एडीसी त्याच मशीनवर पुन्हा मोजला तरी श्वास, हृदयाचे ठोके आणि वर्तुळ कुठे काढलं यामुळे आकडा हलतो. साधारण पाव हिश्शाहून मोठा बदल दिसला तरच तो खरा धरावा. त्यात इथे केंद्रं बदलली आहेत.

दोन्ही केंद्रांकडून चार गोष्टी लेखी मागा: बी-व्हॅल्यू कोणत्या होत्या, मशीन किती टेस्लाचं होतं, डिफ्युजन डायआधी घेतलं की नंतर, आणि नंतर असेल तर किती मिनिटांनी. बी ० आणि ८०० ने काढलेला एडीसी बी ५० आणि ८०० च्या एडीसीपेक्षा जास्तच येतो, कारण बी ० मध्ये रक्तप्रवाहाचा वाटा असतो. नुसता तेवढाच बदल १.१० चे १.२५ करू शकतो. रिपोर्टमध्ये नसलं तरी ही माहिती सीडीवरच्या प्रत्येक चित्रासोबत साठवलेली असते. त्यामुळे फिल्म नव्हे, दोन्ही वेळच्या सीडी सोबत न्या आणि आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून गाठीचा आकार दोन्हींत एकाच ठिकाणी मोजून मागा. पुढचा एमआरआय जूनच्याच केंद्रात, त्याच क्रमाने करायला सांगा. अपॉइंटमेंट घेताना जूनचा रिपोर्ट दाखवला की टेक्निशियन तोच प्रोटोकॉल लावू शकतो.